कांड्या फुल्ल आणि नेट गुल: कॅम्पसमधली चॅनलची मारामारी कशी सोडवायची

ओरलच्या आदल्या दिवशी लायब्ररीच्या रीडिंग हॉलमध्ये जाऊन उभं राहिलं की कॅम्पसच्या वायफायचं खरं प्रगतिपुस्तक हातात मिळतं. दीडशे पोरं, प्रत्येकाकडे एक लॅपटॉप आणि एक मोबाईल, छताला तीन एपी (अॅक्सेस पॉइंट, वायफाय सोडणारे डबे) लुकलुकतायत, फोनवर कांड्या फुल्ल, आणि समोरच्या पोरीच्या स्क्रीनवर जर्नलची पीडीएफ अपलोड होतेय, ते गोल चक्र फिरतंय ते फिरतंयच. मी एका इंजिनिअरिंग कॉलेजात नेटवर्क बघतो, बरीच वर्षं झाली, आणि सुरुवातीला या तक्रारीवर माझ्याकडे एकच औषध होतं, अजून एक एपी लावा. मॅनेजमेंटलाही ते आवडायचं कारण खर्च केलेला डोळ्यांना दिसतो. तसा हॉलमध्ये चौथा एपी लावला आणि हॉल आणखी स्लो झाला. तेव्हा कुठे डोक्यात शिरलं की इथे सिग्नल कमी पडत नाहीये, जास्त झालाय.

एपी कुठल्याही कंपनीचे असू द्या, कंट्रोलर (सगळे एपी एका जागेवरून चालवणारी यंत्रणा) असो नाहीतर एकेक एपी वेगळा लॉगिन करून सेट करावा लागत असो, काम याच क्रमाने करायचं. क्रम चुकवला की आठवडा वाया जातो, हे अनुभवाने सांगतोय.

आधी बघा दोष हवेचाच आहे का

निम्म्या वेळेला तो हवेचा नसतोच. लॅपटॉप घ्या, ज्या स्विचवर तो एपी आहे त्याच स्विचवर केबल लावा आणि गेटवेला (कॅम्पसमधून बाहेर पडायचं दार) पिंग मारा, म्हणजे उत्तर यायला किती वेळ लागतो ते बघा. केबलवर पण अडखळतंय तर चॅनलला हात लावू नका, स्विच, अपलिंक किंवा फायरवॉल बघा. केबलवर १-२ मिलिसेकंद आणि वायफायवर कधी ४, कधी ३००, कधी टाइमआउट असं उड्या मारत असेल, तर रोग हवेतला. पिंग गेटवेलाच मारायचा, बाहेरच्या साइटला नाही, नाहीतर लाइन भरलीय का हवा भरलीय हे कळणार नाही.

अजून एक फसवी तक्रार म्हणजे "कनेक्ट होतं पण नेट नाही". यात बऱ्याचदा डीएचसीपीचा पूल, म्हणजे डिव्हाइसना वाटायच्या नेटवर्क पत्त्यांचा साठा, संपलेला असतो. २५४ पत्त्यांच्या पूलमध्ये ४०० मोबाईल घुसले आणि लीज (एक पत्ता एकाकडे राहायची मुदत) २४ तासांची असली की दुपारपर्यंत पत्ते संपतात, आणि शिव्या वायफायला बसतात. पूल मोठा करा, हॉल-कॅन्टीनसारख्या ये-जा असलेल्या ठिकाणी लीज एक-दोन तासांची करा, मगच पुढे.

भांडण नक्की कसलं आहे

वायफायचा चॅनल म्हणजे चाळीतला सामाईक नळ समजा. एका वेळी एकानेच पाणी भरायचं, बाकीच्यांनी थांबायचं. प्रत्येक एपी आणि प्रत्येक मोबाईल बोलायच्या आधी कान देतो, दुसरं कोणी बोलत असेल तर गप्प बसतो. म्हणजे एकाच चॅनलवर शेजारी-शेजारी चार एपी लावले तर चार नळ होत नाहीत, नळ एकच राहतो आणि रांग तेवढी वाढते. आणि रांगेत एखादा जुना स्लो मोबाईल आला की तो बारीक पाइप लावून पिंप भरायला बसतो, मागचे सगळे ताटकळत. याला को-चॅनल म्हणतात, कॅम्पसमधल्या तक्रारींचं मूळ बहुतेक वेळा हेच.

दुसरा प्रकार वाईट. समजा तुमचा एपी चॅनल ६ वर आणि शेजारच्या बिल्डिंगमधला ४ वर. दोघांच्या पट्ट्या एकमेकांवर चढलेल्या आहेत पण एकाची भाषा दुसऱ्याला कळत नाही, नुसता कलकलाट ऐकू येतो, आणि तो कलकलाट बराच मोठा होईपर्यंत कोणी थांबतही नाही. नियमाच्या भाषेत सांगायचं तर आपल्याच चॅनलवरचं वायफाय उणे ८२ डीबीएमला (सिग्नलच्या ताकदीचं माप) पण ओळखून मान दिला जातो, नुसत्या आवाजासाठी मात्र तो उणे ६२ पर्यंत चढावा लागतो. मधल्या २० डीबीत दोघं एकमेकांवर बोलत राहतात आणि पॅकेट फुटतात. म्हणून "सगळे १, ६, ११ वर आहेत, मी हुशारीने ३ घेतो" हा सगळ्यात महागात पडणारा शहाणपणा. रांगेत उभं राहिलेलं परवडलं.

तिसरा प्रकार वायफाय नसलेल्या वस्तूंचा. त्याच्याकडे शेवटी येतो, कारण लोक आधी तिकडेच बोट दाखवतात आणि बहुतेक वेळा तो किरकोळ निघतो.

आकड्यांचं एवढंच लक्षात ठेवा की सगळं उण्यात असतं, उणे ५० म्हणजे जवळ आणि मोठा आवाज, उणे ८० म्हणजे लांब. ३ डीबी खाली म्हणजे ताकद निम्मी, १० डीबी खाली म्हणजे दहावा भाग.

फिरून बघा, बसून नाही

फुकटातली हत्यारं पुरतात. अँड्रॉइडवर वायफाय अॅनालायझरचं कुठलंही बरं अॅप चालतं. मॅकवर ऑप्शन बटण दाबून धरून वायफायच्या आयकॉनवर क्लिक केलं की चॅनल, सिग्नल, नॉइज (मागचा गोंगाट) सगळं दिसतं. विंडोजवर कमांड प्रॉम्प्टमध्ये "नेटश डब्ल्यूलॅन शो इंटरफेसेस" टाकलं की कुठल्या एपीला, कुठल्या चॅनलवर चिकटलाय ते कळतं. कंट्रोलर असेल तर त्यात प्रत्येक रेडिओचं (एपीतला हवेत बोलणारा भाग) चॅनल युटिलायझेशन, म्हणजे चॅनल किती वेळ भरलेला असतो ते, टक्क्यात दिसतं आणि सगळ्यात कामाचा आकडा तोच. माझा ठोकताळा असा की ऐन गर्दीत तो ५० च्या वर राहत असेल तर तिथे काम करायचं, ७० च्या वर असेल तर आजच करायचं.

सर्व्हे कधी करता याला फार महत्त्व आहे. रविवारी सकाळी शांत कॅम्पसमध्ये फिरून काढलेला रिपोर्ट म्हणजे रिकाम्या एसटीत बसून गर्दीचा अभ्यास. अॅकॅडमिक बिल्डिंग साडेअकराला प्रॅक्टिकल चालू असताना, लायब्ररी सबमिशनच्या आठवड्यात, आणि हॉस्टेल रात्री दहानंतर. हॉस्टेलचं दुपारचं रीडिंग मी घेतच नाही.

मी काय करतो, लायब्ररीतली पुस्तकांची चाकाची ट्रॉली मागून घेतो, वर लॅपटॉप उघडा ठेवतो, शेजारी मजल्याचा नकाशा, आणि दर पाच-सहा पावलांना थांबून टिपत जातो. फायर सेफ्टीसाठी काढलेला मजल्याचा नकाशा ऑफिसात असतोच, त्याची झेरॉक्स चालते. प्रत्येक ठिकाणी चार गोष्टी लिहायच्या: सगळ्यात मोठा आवाज कुठल्या एपीचा आणि किती, आपल्याच चॅनलवर उणे ८२ पेक्षा मोठ्याने ऐकू येणारे अजून किती रेडिओ आहेत, आपले नसलेले कोण आहेत, आणि गेटवेचा पिंग. दुसरा आकडा नीट मोजा. एकाच एपीचे पाच एसएसआयडी (फोनवर दिसणारी वायफायची नावं) असले तर यादीत पाच ओळी दिसतात पण रेडिओ एकच असतो, त्यांचे बीएसएसआयडी (प्रत्येक नावामागचा हार्डवेअर पत्ता) बहुतेक वेळा एखादा आकडा सोडला तर सारखेच असतात त्यावरून ओळखता येतं.

पहिल्यांदा असा फिरलो तेव्हा आमच्या तिसऱ्या मजल्यावर पॅसेजच्या एका टोकाला उभं राहून मला दुसऱ्या टोकाचा एपी उणे ५५ ला ऐकू येत होता आणि ज्या वर्गासाठी तो लावलेला त्या वर्गात शेवटच्या बाकावर तोच एपी उणे ७४. का, ते एपीच्या जागेच्या भागात सांगतो.

२.४ चं काय करायचं: बंद करायचं, जमेल तेवढं

आपलं वायफाय मुख्यतः दोन पट्ट्यांत चालतं, २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ. त्यातली २.४ ची पट्टी छोटी आहे. चॅनल १ चा मध्य २४१२ मेगाहर्ट्झला, पुढचा प्रत्येक ५ मेगाहर्ट्झवर, आणि एका चॅनलला जागा लागते २० ची. हिशोब केला की एकमेकांना न शिवणारे तीनच हातात राहतात, १, ६ आणि ११. आपल्याकडे १३ पर्यंत चॅनल मिळतात म्हणून १-५-९-१३ ची युक्ती काही जण सांगतात, कागदावर ती बसते पण, आजूबाजूचे सगळे १-६-११ वर असताना तुमचा ५ आणि ९ दोन-दोन जणांच्या मधे बसतो, आणि बाहेरून आणलेल्या काही मोबाईलना १३ दिसतच नाही. कॅम्पसमध्ये या भानगडीत पडू नका. ४० मेगाहर्ट्झ विड्थ (चॅनलची रुंदी) तर २.४ वर कुठेही चालू दिसली की तिथल्या तिथे २० करा.

तीनच चॅनल आणि एका मजल्यावर आठ एपी, म्हणजे कितीही डोकं लावा रांग होणारच. म्हणून अर्ध्यापेक्षा जास्त एपींवर २.४ चा रेडिओ सरळ बंद करायचा, आडवे एकाआड एक आणि खालच्या-वरच्या मजल्यावर सरकवून. २.४ भिंतीतून जास्त आरपार जातं, त्यामुळे निम्मे बंद केले तरी रेंज पुरते. पूर्ण बंद मात्र करू नका, कारण पोरांचे आयओटी प्रोजेक्ट, ते नोडएमसीयूचे बोर्ड फक्त २.४ वर चालतात, आणि ऑफिसातलं एखादं हजेरीचं मशीन पण. मी एकदा उत्साहात इलेक्ट्रॉनिक्सच्या लॅबमधलं २.४ बंद केलं, दुसऱ्या दिवशी एचओडी मॅडम माझ्या दारात.

आता बीकनचा हिशोब, कारण हा कोणी करत नाही. प्रत्येक एसएसआयडी साधारण दर १०२ मिलिसेकंदांनी "मी इथे आहे" असं ओरडतो, तो बीकन. जुन्या उपकरणांसाठी १ एमबीपीएस चालू ठेवला असेल तर हे ओरडणं त्याच वेगाने होतं आणि ३०० बाइटच्या आसपासच्या एका बीकनला अडीच मिलिसेकंद लागतात. म्हणजे एका एसएसआयडीने अडीच टक्के हवा खाल्ली. स्टुडंट, स्टाफ, गेस्ट, एक्झाम आणि कधीकाळी एका इव्हेंटसाठी काढलेला पाचवा, असे पाच एसएसआयडी, आणि एका जागी त्याच चॅनलवरचे पाच रेडिओ ऐकू येतायत, तर पंचवीस बीकन, साठेक टक्के वेळ नुसत्या आरोळ्यांत गेला, अजून कोणी एक मेल पण उघडलेला नाहीये. तेच किमान दर १२ एमबीपीएस केला तर बीकन पाव मिलिसेकंदाच्या आत आटोपतो आणि साठचे पाच-सहा टक्के होतात. दोन सेटिंग्ज आहेत, खर्च शून्य: किमान दर १२ करा म्हणजे १, २, ५.५, ११ बंद, आणि एसएसआयडी तीनवर आणा. स्टाफ आणि स्टुडंटला वेगळं व्हीलॅन (त्याच नेटवर्कचा वेगळा काढलेला भाग) हवं असेल तर लॉगिनवरून रेडियसने (लॉगिन तपासणारा सर्व्हर) व्हीलॅन देता येतं, त्यासाठी वेगळं नाव लागत नाही. एसएसआयडी कमी करायला तांत्रिक अडचण काहीच नसते, अडचण असते ती "आमच्या डिपार्टमेंटचं वेगळं नाव पाहिजे" म्हणणाऱ्यांची, त्यांना हा साठ टक्क्यांचा हिशोब कागदावर काढून दाखवा.

५ गिगाहर्ट्झ: इथे श्रीमंती आहे, पण उधळू नका

२०१८ च्या ऑक्टोबरमध्ये आपल्याकडे ५ गिगाहर्ट्झचा मोठा पट्टा लायसन्समुक्त झाला, ५१५० ते ५३५० आणि ५४७० ते ५८७५, मिळून ६०५ मेगाहर्ट्झ. त्यात २० मेगाहर्ट्झचे पंचवीसेक चॅनल बसतात. आणि इतकी जागा असून कॅम्पसमध्ये सगळे एपी ३६ किंवा १४९ वर गर्दी करून का बसलेले असतात, तर दोन कारणं, डब्यातून काढल्यावर विड्थ ८० वर असते आणि डीएफएसचे (रडारसोबत वाटून घ्यायचे) चॅनल बंद असतात.

आमच्या मुलांच्या हॉस्टेलचा हिशोब मांडतो. तीन मजले, मजल्याला आठ, एकूण २४ एपी. ८० मेगाहर्ट्झ ठेवलं तर पंचवीसचे सहाच चॅनल होतात, त्यातले डीएफएस वगळले तर दोन. दोन चॅनल, २४ एपी, म्हणजे एका नळावर बारा. डीएफएस चालू केलं आणि विड्थ २० केली की २४ एपींना जवळजवळ प्रत्येकी स्वतंत्र चॅनल. बदल एवढाच केला होता. पहिल्या दिवशी पोरांची ओरड झाली की स्पीडटेस्टचा आकडा पडला, पहाटे तीनला एकट्याने मारलेल्या टेस्टचा आकडा पडतोच, पण रात्री अकराला सगळा मजला ऑनलाइन असताना गेम लॅग होईना आणि व्हिडिओ अडकेना, तेव्हा ओरड आपोआप थांबली. म्हणून हॉस्टेल, लायब्ररी, मोठे वर्ग सगळं २० वर. ऑफिस, स्टाफरूमसारखी विरळ ठिकाणं ४० वर. ८० फक्त एकट्या पडलेल्या बिल्डिंगला, गेस्ट हाउस वगैरे.

डीएफएसला घाबरू नका, पण समजून घ्या. ५२ ते ६४ आणि १०० ते १४४ हे चॅनल रडारसोबत वाटून घ्यायचे असतात. एपीने आधी किमान ६० सेकंद ऐकायचं, रडार नाही याची खात्री झाली की मग बोलायचं, मधेच रडार ऐकू आलं तर १० सेकंदांत चॅनल सोडायचा आणि अर्धा तास तिकडे फिरकायचं नाही. मुंबईत अंधेरीजवळ वेरावलीला हवामान खात्याचं सी बँडचं डॉप्लर रडार आहे, अशा रडारच्या किंवा विमानतळाच्या आसपास कॅम्पस असेल तर तुमच्या लॉगमध्ये रडारच्या नोंदी येऊ शकतात. युक्ती सोपी आहे, सगळे डीएफएस चॅनल चालू करा, दोन आठवडे लॉग बघा, ज्या बिल्डिंगला ज्या चॅनलवर नोंद येतेय तिथे तेवढाच चॅनल काढा. एका नोंदीवरून सगळे बंद करू नका, कधी कधी एपीला रडारचा नुसता भास पण होतो. आणि १४४ शेवटी वापरा, काही जुन्या फोनना तो दिसतच नाही.

कंट्री कोड मात्र इंडियाच हवा. दुसऱ्या देशाचा कोड टाकून जास्त पॉवर काढायचा जुगाड सांगणारे भेटतात, तो नियमातही बसत नाही आणि उपयोगाचाही नाही, का ते पॉवरच्या भागात येईल.

रंगीत पेन्सिली काढा

प्लॅन कागदावरच करा. मजल्यांचे नकाशे एकाखाली एक चिकटवा, प्रत्येक चॅनलला एक रंग किंवा आकडा, आणि नियम एकच, शेजारच्या खोलीत तसंच बरोबर वर आणि बरोबर खाली तोच चॅनल यायला नको. वरची-खालची बाजू सगळे विसरतात. आरसीसी स्लॅब बराच सिग्नल खाते पण जिना, डक्ट आणि मधला चौक यांतून तो बिनबोभाट वर जातो. मधे मोकळा चौक असलेल्या बिल्डिंगमध्ये समोरासमोरच्या खोल्या एकमेकींना फार छान ऐकतात, त्या शेजारीच धरा.

कंट्रोलरमधलं ऑटो चॅनल वापरावं का? वापरा, पण लगाम घालून. त्याला परवानगी असलेल्या चॅनलची यादी तुम्ही द्या, विड्थ तुम्ही ठरवा, बदल करायची वेळ पहाटेची ठेवा आणि ऑनलाइन परीक्षेच्या दिवसांत पूर्ण गोठवा. दिवसा दर थोड्या वेळाने चॅनल बदलणारा एपी म्हणजे दर वेळी पोरांचे फोन तुटून परत जोडणार.

पॉवर कमी करा (हो, कमीच)

एपीची पॉवर मॅक्सवर असणं हा मला दिसलेला सगळ्यात कॉमन घोळ. फोनची स्वतःची ताकद साधारण १२ ते १५ डीबीएम असते. एपी २३ वर ओरडत असेल तर फोनला एपी मस्त ऐकू येतो, कांड्या फुल्ल, पण फोनचं उत्तर एपीपर्यंत धड पोचत नाही. लायब्ररीतल्या त्या पोरीची पीडीएफ आठवते ना, डाउनलोड ठीक आणि अपलोड अडकलेलं, हे त्याचंच लक्षण. वर असा एपी लांबच्या एपींना पण गप्प बसवतो.

५ वर १२ ते १५ डीबीएमपासून सुरुवात करा, आणि २.४ त्याच्यापेक्षा ६ डीबीने खाली, नाहीतर फोन लांब जाणाऱ्या २.४ लाच चिकटून बसतात. मग परत ट्रॉली. वर्गाच्या शेवटच्या बाकावर निदान उणे ६७ मिळायला हवं आणि नॉइजपेक्षा २५ डीबी वर असायला हवं. तेवढं मिळत असेल तर अजून पॉवर वाढवायची गरज नाही. ऑटो पॉवर असेल तर किमान-कमाल दोन्ही बांधून द्या, मोकाट सोडू नका.

एपीची जागा

पॅसेजमध्ये एपी लावायला केबलिंगवाल्यांना आवडतं, ट्रे तिथूनच गेलेला असतो, खोल्यांना कुलूप असतं, एका दिवसात काम उरकतं. नॅकची (कॉलेजांना दर्जा देणारी संस्था) टीम यायच्या आधी घाईत लागलेले एपी तर हमखास पॅसेजमध्येच. पण पॅसेज म्हणजे पाइप, त्यात सगळे एपी एकमेकांना सरळ रेषेत दिसतात आणि पोरं मात्र नऊ इंची भिंतीच्या, लोखंडी कपाटांच्या पलीकडे. उणे ५५ आणि उणे ७४ चं कोडं ते हेच. एपी खोलीत घ्या, एक डावीकडच्या खोलीत तर पुढचा उजवीकडच्या, आणि वरच्या मजल्यावर उलटं. भिंत आपली मित्र आहे, ती दोन एपींना एकमेकांपासून वाचवते. जुन्या काळ्या दगडाच्या इमारतींत दोन फुटी भिंती असतात, तिथे प्रत्येक खोलीचं वेगळं जग, तिथे पॉवर अजून खाली आणता येते आणि तेच तीन-चार चॅनल बिनधास्त परत वापरता येतात.

सगळे एपी हलवायचं बजेट मिळणार नाही, मला पण मिळालं नाही. निदान पॅसेजमधला एकाआड एक काढून जवळच्या वर्गात न्या, पंधरा-वीस फूट केबल आणि एक भोक, बस. आणि लोखंडी फॉल्स सीलिंगच्या वर लपवलेला एपी असेल तर तो आधी खाली आणा.

हॉस्टेलमधले पोरांचे राउटर

हा नाजूक विषय. पोरं स्वतःचा राउटर किंवा मोबाईलचा हॉटस्पॉट का लावतात? आमच्याकडे विचारल्यावर कळलं की एका आयडीवर दोनच डिव्हाइस चालत होते, तिसऱ्यासाठी हॉटस्पॉट. म्हणजे आपणच केलेल्या नियमाने आपणच वीस-पंचवीस एपी वाढवले होते. मर्यादा पाच केली, पुढच्या सर्व्हेत हॉटस्पॉटची यादी निम्म्यावर. उरलेल्यांना रेक्टर सरांच्या दमदाटीपेक्षा समजावणं बरं पडतं. कोणाला खरंच राउटर हवा असेल तर तो ५ गिगाहर्ट्झवर, विड्थ २० आणि पॉवर लो करून द्या, पाच मिनिटांचं काम आहे.

कंट्रोलरमध्ये "रोग कंटेनमेंट" (इंग्रजीतला rogue, म्हणजे परका, उपरा) नावाचं बटण असतं, परक्या एपीवरच्या लोकांना सतत तोडत राहण्याचं. ते दाबू नका. अमेरिकेत मॅरियट हॉटेलने नॅशव्हिलमध्ये पाहुण्यांचे हॉटस्पॉट असेच तोडले म्हणून २०१४ मध्ये तिथल्या एफसीसीने, म्हणजे दूरसंचार नियामकाने, ६ लाख डॉलर वसूल केले. शिवाय तोडणारी पॅकेट पण त्याच हवेतून जातात, म्हणजे रांग अजून वाढवायची.

वायफाय नसलेले आणि लपलेले

मायक्रोवेव्ह २.४५ गिगाहर्ट्झच्या आसपास चालतो, आपल्या ५० हर्ट्झच्या विजेवर साधारण १० मिलिसेकंद चालू, १० बंद असा. स्टाफरूममध्ये एक ते दोनच्या मधेच पिंग बिघडत असेल तर डबे गरम होतायत असं समजा आणि तिथल्या लॅपटॉपना ५ वर ढकला, मायक्रोवेव्ह हलवायच्या फंदात पडू नका, त्यावरून होणारं राजकारण नेटवर्कपेक्षा अवघड असतं.

त्याहून जास्त त्रास देतात ते न बोलावलेले पाहुणे. बरेच वायफायवाले प्रिंटर "डायरेक्ट" असं सुरुवातीला असलेलं स्वतःचं नेटवर्क हवेत सोडतात, वर्गातल्या इंटरॅक्टिव्ह पॅनलचा हॉटस्पॉट कोणीतरी एकदा चालू केलेला तो तसाच राहतो, प्रोजेक्टरचं वायरलेस, वायरलेस सीसीटीव्ही. हे बहुतेक २.४ वरच असतात आणि मनाला येईल त्या चॅनलवर. शिपाई मामांना सोबत घ्या, चावीचा जुडगा त्यांच्याकडेच असतो, एका दुपारी बिल्डिंग फिरून प्रिंटर केबलवर घ्या आणि त्यांचं वायरलेस बंद करा. आमच्या अॅकॅडमिक ब्लॉकमध्ये एका दुपारीत २.४ ची यादी एवढी आटली की मलाच खरं वाटेना.

बदल करताना

एका वेळी एकच गोष्ट, एकाच बिल्डिंगमध्ये, आणि आठवडाभर थांबून परत त्याच वेळी तेच रीडिंग. मी आधी बीकन आणि एसएसआयडी, मग २.४ चे रेडिओ, मग विड्थ, मग पॉवर, सगळ्यात शेवटी जागा, असा जातो. शुक्रवारी संध्याकाळी काही बदलू नका. बदलायच्या आधी जुन्या सेटिंगचा बॅकअप घ्या.

नवीन खरेदी चालू असेल तर ६ गिगाहर्ट्झचा विषय निघेलच. आपल्याकडे खालचा पट्टा, ५९२५ ते ६४२५, मोकळा करण्याच्या नियमांचा मसुदा मे २०२५ मध्ये आला. विक्रेत्याला दोनच प्रश्न विचारा, या मॉडेलच्या इंडियाच्या फर्मवेअरमध्ये ६ आज चालू होतो का, आणि ते लेखी देता का. आणि पोरांच्या हातातले किती फोन ६ पकडतात ते कंट्रोलरच्या क्लायंट लिस्टमधून स्वतः मोजा, मग ठरवा.

तक्रार घ्यायची पद्धत पण बदलली मी. "नेट चालत नाही" एवढ्यावर आता घेतच नाही. कुठली खोली, किती वाजता, कुठलं डिव्हाइस, आणि तेव्हा शेजारच्याचं चालत होतं का, हे चार रकाने वहीत भरायचे. शेजारच्याचं चालत असेल तर डिव्हाइस बघायचं, दोघांचं बंद असेल तर ट्रॉली काढायची.

लायब्ररीतला तो चौथा एपी शेवटी मी उतरवला. उरलेल्या तिघांना वेगवेगळे चॅनल दिले, पॉवर १४ केली, विड्थ २०. उतरवलेला महिनाभर माझ्या टेबलावर पडून होता. आता तो परीक्षा विभागात आहे, तिथे खरंच रेंज नव्हती.